गुळाच्या पाण्यातून लॅक्टिक ॲसिड: कल्चर यूव्हीखाली धरून सुधारायच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

आमची लॅब खरं तर जैविक खताची. संकेश्वरपासून थोडं आत, हिरण्यकेशीच्या काठच्या ऊसपट्ट्यात. ॲझोटोबॅक्टर, पीएसबी ही जिवाणू खतं विकतो, मुरघासाचं कल्चरपण करतो. सामान म्हणाल तर लॅमिनार (गाळलेल्या हवेतलं निर्जंतुक टेबल), एक ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारा मोठा कुकर), एक जुना इनक्युबेटर, मायक्रोस्कोप आणि पीएच मीटर. मोजायची महागडी यंत्रं नाहीत, स्पेक्ट्रो नाही, एचपीएलसी तर लांबच राहिलं. एवढ्याच सामानात कुणाला हे करून बघायचं असलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवालोय.

काम काय, तर गुऱ्हाळाचा दोन नंबरचा गूळ आणि काकवी वापरून लॅक्टिक ॲसिड करायचं आणि ते होत असतानाच कॅल्शियम कार्बोनेट घालत राहायचं, म्हणजे शेवटी कॅल्शियम लॅक्टेट हातात येतं. कागदावर एकदम सोपं. एका ग्लुकोजचे दोन लॅक्टिक होतात, रेणूच्या वजनात १८० चे ९० आणि ९०, म्हणजे ग्रॅमला ग्रॅम, वाया काहीच नाही. प्रत्यक्षात साधं कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, थोडी साखर खातं आणि आपणच केलेल्या लॅक्टेटमध्ये अडकून थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. ही उरलेली साखर कमी करायची, एवढाच प्रकल्प.

कल्चर पुण्याहून मागवलंय, एनसीएलमध्ये एनसीआयएम म्हणून इंडस्ट्रियल जिवाणूंचा संग्रह आहे तिथून, लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी २३६५. हेच का, तर ह्याच २३६५ ला यूव्ही (अतिनील किरण) मारून एनसीएलमध्येच यूसी-३ नावाचा म्युटंट, म्हणजे डीएनए बदललेला वाण, काढलेला आहे आणि त्यानं उसाच्या साखरेवर लिटरला १३५ ग्रॅमपर्यंत ॲसिड दिल्याचं २००६ ला छापून आलंय. म्हणजे ह्या वाटेनं कुणीतरी गेलेलं आहे. दह्यातलं कल्चर का नाही असं सगळे विचारतात. दह्यातला बल्गेरिकस हा जिवाणू दुधातली साखर खातो, उसाची साखर त्याला सहसा जमत नाही. घरचं विरजण गुळात घालून बघायला गेलात तर वेळ जाईल.

सोबतीला गडहिंग्लजच्या कॉलेजात मायक्रो शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, रविवारी येतात. आणि आमच्याकडं बीएस्सी करून आलेला एक पोरगा आहे, तो रोजचा.

१५ नोव्हेंबर

अँप्युल फोडून एमआरएसमध्ये (ह्या जिवाणूंचं विकत मिळणारं तयार खाद्य) घातली, ४२ डिग्रीला. पहिले दोन दिवस काहीच नाही, मग गढूळ झालं. मायक्रोस्कोपखाली लांब काड्या, काही सुट्या, काही साखळीत. साखळीचं लक्षात ठेवा, पुढं त्रास देते.

एमआरएस लिटरला ५५ ग्रॅम लागतं, म्हणजे ५०० ग्रॅमची बाटली ९ लिटरात खल्लास, आणि बाटली महाग. म्हणून पहिल्यापासूनच ठरवलं की एमआरएस फक्त प्लेटला आणि स्टॉकला, बाकी सगळं गुळाच्या पाण्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालून. यीस्ट एक्स्ट्रॅक्टपण वाचवायचं म्हणून शेंगपेंडेचा काढा करून बघितला, कल्चर वाढतं पण रडतखडत. ह्या जातीला बी-व्हिटॅमिन आणि अमिनो ॲसिड तयार लागतात, नुसत्या साखरेवर जगत नाही.

२४ नोव्हेंबर

गुळानं आठवडा खाल्ला.

पहिल्या गुऱ्हाळाचा गूळ दिसायला झकास, पिवळाधमक. त्यात कल्चर चालेचना. पीएच बरोबर, तापमान बरोबर, तेच कल्चर एमआरएसमध्ये धडाधड वाढतंय. दुसऱ्या गुऱ्हाळाचा काळपट गूळ आणला, त्यात एका रात्रीत गढूळ. मग पहिल्या ठिकाणच्या गुळव्या मामांना जाऊन विचारलं. मामा सरळ बोलले, "रंग नाही आला तर अडत्याकडं कोण विचारतंय? मग हायड्रॉस मारावा लागतोय काहिलीत."

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. रंग उडवतो, पण त्यातनं मागं राहिलेला सल्फाईट जिवाणूला चालत नाही. त्या गुळाचं पाणी ॲसिड घालून उकळलं तर नाकात झोंबणारा वास आला, गंधकाचा, त्यावरनं खात्रीच पटली. मामांना म्हटलं घरी खायला करता तसलं एक आदण आमच्यासाठी काढा, भेंडी घाला, चुना घाला, पण हायड्रॉस नको. मामा हसले. "काळं दिसतंय हं, मग नावं ठेवायची न्हाई."

त्या आदणाचा गूळ आणि थोडी काकवी, दोन्ही घेऊन ठेवलं. पूर्ण प्रकल्पाला एकाच आदणाचा माल वापरा. गूळ बदलला की आकडे बदलतात आणि मग कल्चर सुधारलं का गूळ चांगला लागला हे कळायला मार्ग राहत नाही.

३० नोव्हेंबर

उसाची साखर फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करून दिलं की कल्चर लवकर सुरू होतं. गुळाचं पाणी, सल्फ्युरिक ॲसिडनं पीएच अडीचपर्यंत, तासभर उकळी, मग कार्बोनेट घालून वर आणायचं. जिप्सम खाली बसतो, सोबत गुळातली बरीच घाणपण बसते. दुहेरी कापडातनं गाळायचं. साखर लिटरला १०० ग्रॅमवर आणून ठेवली. ऑटोक्लेव्हमध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वेगळं आणि गुळाचं पाणी वेगळं, एकत्र शिजवलं तर काळंकुट्ट होतं.

६ डिसेंबर

आज पहिल्यांदा यूव्ही. लॅमिनारमध्ये १५ वॉटची यूव्ही ट्यूब आहेच. प्लेटमध्ये कल्चर ओतलं, झाकण काढलं (२५४ नॅनोमीटरचा यूव्ही काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणातनं पलीकडं जात नाही), ट्यूबखाली ठेवलं. १ मिनिट, २ मिनिटं, ५ मिनिटं. प्लेटिंग करून, म्हणजे खाद्याच्या प्लेटवर पसरून किती जगले ते, बघतोय तर मेलंच नाही काही. पाच मिनिटांच्या प्लेटवरसुद्धा भरगच्च कॉलनी (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका).

दोन कारणं निघाली. एक तर कल्चर एमआरएसमध्येच होतं, त्यातलं पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट यूव्ही आधी पिऊन टाकतं, जिवाणूपर्यंत पोचतंय किती? दुसरं म्हणजे ट्यूब लॅमिनार घेतल्यापासनं तीच. निळी पेटते म्हणून आपण समजतो चालू आहे, पण निळा उजेड तसाच राहतो आणि कामाचा २५४ कमी होत जातो. डोळ्याला ते दिसत नाही. नवी ट्यूब कोल्हापुरातनं आणली, हजाराच्या आत.

११ डिसेंबर

नवी ट्यूब, आधी वीस मिनिटं पेटवून ठेवली, स्थिर व्हायला. कल्चर रात्रभराचं जुनं नको, वाढीत असलेलं घेतलं, सेंट्रिफ्यूज करून दोनदा सलाईननं धुतलं. साखळ्या तोडायला निर्जंतुक काचेच्या मण्यांबरोबर हलवलं, मायक्रोस्कोपखाली बहुतेक सुटे दिसेपर्यंत. साखळी तशीच राहिली तर त्यातली एक काडी बदलते, शेजारची जुनीच राहते, आणि वर येणारी कॉलनी दोघांची मिसळ. प्लेटमध्ये ५ मिली पातळ थर, ट्यूबपासून ३० सेंटीमीटर, हळूहळू हलवत.

हे सगळं लाल उजेडात. यूव्हीनं डीएनएवर जे डाग पडतात ते दुरुस्त करणारं एन्झाईम बऱ्याच जिवाणूंत असतं आणि ते साध्या उजेडात चालतं. केल्नर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४९ ला दाखवलेलं आहे. ट्यूबलाईटखाली काम केलं तर आपण पाडलेले डाग जिवाणू स्वतःच पुसून टाकतो. लाल बल्ब आता मिळत नाही सहज, निपाणीत एका फोटो स्टुडिओवाल्याकडं डार्करूमचा पडून होता, त्यानं फुकट दिला वर चहा पाजला.

ह्या वेळी बरोबर मेलं. ६० सेकंदाला शंभरातला एखादा जगला, ९० सेकंदाला हजारातला एखादा, २ मिनिटांनंतर प्लेट जवळजवळ रिकामी. ६० आणि ९० चे दोन्ही पुढं घेतले. लगेच प्लेटिंग नाही केलं. ताज्या एमआरएसमध्ये घालून काळ्या कागदात गुंडाळून काही तास वाढू दिलं, म्हणजे झालेला बदल पुढच्या पिढीत पक्का होतो. ह्याचा एक तोटा आहे, एकाच जिवाणूची भावंडं पाच-सहा कॉलन्यांत येतात आणि आपण पाच-सहा म्युटंट मिळाले म्हणून खूश होतो. म्हणून जास्त वेळ वाढवू नका, आणि एकच मोठा लॉट करण्यापेक्षा छोटे वेगवेगळे लॉट करा.

गॉगल घाला. मनगटसुद्धा झाका. पोराचं मनगट दुसऱ्या दिवशी लालभडक आणि वर त्याचं, "मला काय व्हत न्हाई सर."

१३ डिसेंबर

यूव्हीऐवजी ईएमएस किंवा एनटीजी ही डीएनए बदलणारी रसायनं वापरायची का ह्यावर मॅडमशी चर्चा. दोन्ही यूव्हीपेक्षा जोरात काम करतात, दोन्ही कॅन्सरकारक. आमच्याकडं फ्यूम हूड (विषारी वाफ ओढून बाहेर टाकणारी पेटी) नाही, सांडपाणी मागच्या शेतात जातं. नाही म्हणजे नाही, विषय बंद.

२० डिसेंबर

प्लेटवर निवड. एमआरएस अगारमध्ये (अगार म्हणजे खाद्य घट्ट करणारी जेली) कार्बोनेट घालून दुधाळ प्लेट, ज्या कॉलनीनं ॲसिड केलं तिच्याभोवती पारदर्शक वर्तुळ. कार्बोनेट खाली बसतं आणि अर्धी प्लेट पांढरी, अर्धी स्वच्छ होते, म्हणून खाली साध्या अगारचा थर आणि वर पातळ कार्बोनेटवाला थर ओतायचा, तोही अगार ५० डिग्रीच्या आसपास गार झाल्यावर, हलवत हलवत.

सगळीकडं लिहिलेलं असतं की वर्तुळाचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास काढा आणि मोठा आकडा उचला. आम्ही व्हर्निअर घेऊन बसलो, मोजलं, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या कॉलन्या उचलल्या. त्या सगळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भागाकारच आहे तो, खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं येणारच. ह्या कॉलन्या ॲसिड जास्त करत नव्हत्या, नीट वाढतच नव्हत्या. पातळ माध्यमात घातल्यावर मूळ कल्चरच्या निम्म्यावरसुद्धा आल्या नाहीत. गर्दीच्या प्लेटवर शेजाऱ्यांची वर्तुळं एकमेकांत जातात, कडेला अगार पातळ असतो तिथं वर्तुळ मोठं दिसतं. थोडक्यात प्लेट चाळणीपुरती धरायची. ज्यांना वर्तुळच नाही ते काढून टाका, बाकी धडधाकट कॉलन्या सगळ्या टेस्टट्यूबमध्ये न्या. काम वाढतं, इलाज नाही.

४ जानेवारी

पोरगा सौंदत्तीच्या जत्रेला गेलेला, त्यामुळं ट्यूबा भरायचं काम माझ्याकडंच. दर ट्यूबमध्ये १० मिली गुळाचं पाणी, जोखून कार्बोनेट, एक-एक कॉलनी.

मोजायचं कसं हा खरा प्रश्न. नेहमीची पद्धत म्हणजे कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालायचा आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं की थांबायचं, ०.१ नॉर्मलचा १ मिली म्हणजे ०.००९ ग्रॅम लॅक्टिक ॲसिड. गुळाच्या पाण्याचा रंग चहासारखा, त्यात गुलाबी कुठला दिसायला. दहापट पातळ केलं तरी डोळ्यांत आणि डोक्यात फरक पडतो, मी एक आकडा काढतो, मॅडम दुसरा. म्हणून पीएच मीटर लावून ८.२ ला थांबायचं ठरवलं. तेव्हा आकडे जुळायला लागले, पण सगळ्या ट्यूबांचे एकसारखेच आले, चांगल्या-वाईट सगळ्यांचे. साहजिक आहे, झालेलं ॲसिड कार्बोनेटनं आधीच खाल्लंय, मोकळं उरतंच कुठं.

११ जानेवारी

तोडगा मॅडमनी काढला. ॲसिड मोजू नका, विरघळलेलं कॅल्शियम मोजा. दोन लॅक्टिकला एक कॅल्शियम विरघळतो, म्हणजे कॅल्शियमवरनं ॲसिड निघतं. पाण्याचा कठीणपणा मोजायची ईडीटीएची (कॅल्शियम पकडणारं रसायन) पद्धत, ती तर शेतकऱ्यांच्या बोअरच्या पाण्यासाठी आम्ही रोज करतोच.

सँपल गाळून घ्यायचं, न विरघळलेलं कार्बोनेट एक कणसुद्धा नको. १ मिलीचं १०० मिली करायचं, त्यातलं २० मिली घ्यायचं. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १.८ मिलीग्रॅम लॅक्टिक. एवढं पातळ केल्यावर रंगाचा त्रासपण जातो. इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी नको, त्यात पीएच १० ला मॅग्नेशियमपण मोजलं जातं आणि गुळात मॅग्नेशियम असतं. पीएच १२ च्या वर नेऊन म्युरेक्साईड वापरा, मॅग्नेशियम तिथं खाली बसून जातं.

कल्चर न घातलेलं गुळाचं पाणी सोबत ठेवायचंच. त्यात गुऱ्हाळाचा चुना आणि आमचा जिप्सम मिळून लिटरला अडीच-तीन ग्रॅम ॲसिडएवढं कॅल्शियम आधीच निघतं, ते वजा करा.

आता मूळ कल्चरचा आकडा हातात आला, ७२ तासांत लिटरला ६० च्या आसपास. इथनं पुढं जे काय बोलायचं ते ह्या ६० च्या तुलनेत.

१९ जानेवारी

पहिल्या मोठ्या चाचणीत मूळ कल्चरच्या वर आलेले म्युटंट भरपूर. ७०, ७२, ७५. पोरगा खूश, मीपण खूश. मॅडम गप्प, वहीत ट्यूब नंबर आणि जागा बघत बसलेल्या. मग म्हणाल्या, "दादा, हे सगळे वरच्या कप्प्यातलेच कसे काय?"

खरंच सगळे वरच्या कप्प्यातले. थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून दोन्ही कप्प्यांत रात्रभर ठेवला. वर ४३, खाली ३९. इनक्युबेटरचा पंखा अडखळत होता. म्हणजे आम्ही म्युटंट नाही, कप्पा निवडला होता. मूळ कल्चरची ट्यूब आम्ही खालच्या कप्प्यात ठेवलेली, तिचा आकडा त्यामुळं खाली, आणि वरचे सगळे हिरो.

पंखा बदलला. त्यानंतर प्रत्येक रॅकमध्ये मूळ कल्चरच्या तीन ट्यूबा, एक पुढं, एक मधे, एक मागं, आणि म्युटंटच्या जागा चिठ्ठ्या टाकून. परत चाचणी केली. त्या सगळ्या हिरोंपैकी दोनच उरले, यू-१९ आणि यू-४७. दोघंही ७२ ते ७५ च्या घरात. ज्यांना फक्त एक गोष्ट उचलायची आहे त्यांनी ही मूळ कल्चरच्या तीन ट्यूबांची उचला.

८ फेब्रुवारी

यू-४७ फ्लास्कमध्ये, लिटरभर. सकाळी पोराचा फोन, "सर, फसफसालंय, बूच उडालंय, यीस्ट शिरलं बगा." पळत आलो. फेस होता खरा. मायक्रोस्कोपखाली नुसत्या काड्या, यीस्टचा गोळा एकही नाही. ॲसिड कार्बोनेटवर पडलं की कार्बन डायऑक्साईड सुटणारच, लिटरला ६० ग्रॅम ॲसिड झालं तर सात-आठ लिटर गॅस होतो. कल्चर जितकं जोरात तितका फेस जास्त. घट्ट बूच लावू नका, कापूस लावा, फ्लास्क अर्धाच भरा, कार्बोनेट एकदम सगळं घालू नका.

दुसऱ्या फ्लास्कमध्ये मात्र खरंच यीस्ट निघालं. वासावरनं कळतं, ताडीसारखा नाही पण त्या दिशेचा. तो ओतून दिला. ४२ डिग्रीला बरेच पाहुणे टिकत नाहीत, पण लाईट रात्रभर गेली की इनक्युबेटर गार होतो आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. आता थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या भरून फ्लास्क त्यात ठेवायची सोय केलीय.

१६ फेब्रुवारी

दुसरा फेरा. यू-४७ ला परत यूव्ही, आणि ह्या वेळी निवड कमी पीएचच्या प्लेटवर. लॅक्टिक ॲसिडनं पीएच ४.२ केलेला अगार, त्यावर जो जगेल तो ॲसिडला दाद न देणारा, असं गणित.

आधी अगारच जमेना. ॲसिड घालून ऑटोक्लेव्ह केलं की अगार तुटतो, प्लेट सरबतासारखी हलते. अगार वेगळा, जरा दाट, आणि आम्लवालं माध्यम वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर ५० डिग्रीला एकत्र केलं, तेव्हा बसला.

कॉलन्या आल्या. मोजक्या, दमदार. फ्लास्कमध्ये घातल्या. ॲसिड यू-४७ एवढंच, काही तर कमी. सगळा पंधरवडा ह्यात गेला. कारण नंतर वहीत फ्लास्कचा पीएच बघताना दिसलं. आमच्या फ्लास्कमध्ये कार्बोनेट असल्यामुळं पीएच साडेपाचच्या खाली जातच नाही. कमी पीएचला टिकायची ताकद तिथं लागतच नाही. तिथं अडचण लॅक्टेटच्या गर्दीची आहे, पीएचची नाही. ज्यांना कार्बोनेट न घालता काम करायचंय, म्हणजे मुरघास वगैरे, त्यांना हे म्युटंट कामाचे आहेत. आम्ही दोन ठेवून दिलेत त्यासाठी.

२ मार्च

परत यूव्ही, यू-४७ लाच. प्लेट बदलली. पीएच ६ च्या आसपास ठेवला आणि एमआरएसमध्ये सोडियम लॅक्टेट घातलं, ४ टक्के, ६ टक्के, ८ टक्के. मूळ कल्चर ६ वर जेमतेम, ८ वर नाहीच. यू-४७ पण ८ वर नाही. यूव्हीनंतर ८ वर थोड्या कॉलन्या दिसल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बारीक. सगळ्या उचलून आधी साध्या एमआरएसवर दोनदा शुद्ध केल्या, मग ट्यूबमध्ये, मूळ कल्चर आणि यू-४७ प्रत्येक रॅकमध्ये सोबत.

एल-१२ वर आला. कप्पा बदलून, चिठ्ठ्या टाकून, मोजणारा माणूस बदलून परत परत केलं. ८५ च्या खाली येईना. १०० ग्रॅम साखरेतनं ८५-८६.

१७ मार्च

एल-१२ ला साखर वाढवून दिली, लिटरला १३०. कार्बोनेट त्या मानानं, १०० ग्रॅम साखरेला ५५-६० ग्रॅम लागतं. तिसऱ्या दिवशी सँपल काढलं, वेळ नव्हता म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी मोजलं तर ७०. डोकं फिरलं. मग बाटलीच्या तळाला बघितलं, पांढरा थर. गार झालं की कॅल्शियम लॅक्टेट स्फटिक होऊन खाली बसतं आणि आपण वरचं पाणी मोजतो. सँपल गरम असतानाच गाळा आणि लगेच १०० पट पातळ करून ठेवा, मग फ्रीजमध्ये गेलं तरी चालतं.

तशा रीतीनं मोजल्यावर १०४. फ्लास्क मात्र टेबलावर तसाच राहिला, रात्री गार झाला, सकाळी आत सगळं घट्ट. पाण्याच्या टबात बसवून हळूहळू तापवून काढावं लागलं. मोठ्या टाकीत असं पाईपमध्ये झालं तर काय होईल ह्याचा विचार आत्तापासून करायला हवा. १५० ग्रॅम साखरेवर जायचं धाडस केलं नाही.

३ एप्रिल

टिकतो का ते बघायचं काम. तिघांनाही, यू-१९, यू-४७, एल-१२, साध्या एमआरएसमध्ये रोज नव्या ट्यूबमध्ये टाकत गेलो, लॅक्टेटचा ताण न देता, आणि मधून मधून ॲसिड मोजलं. यू-१९ हळूहळू घसरत परत ६० वर आला. मूळपदावर गेला म्हणा, नाहीतर आधीपासूनच मिसळ होता आणि जुन्या जातीनं त्याला मागं टाकलं, दोन्ही शक्य आहे. यू-४७ जागेवर. एल-१२ दोन-तीन ग्रॅम इकडंतिकडं, पण घसरण अशी नाही. यू-१९ बाद.

११ एप्रिल

खर्चाचं. सगळ्यात जास्त पैसे एमआरएस आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये गेले, त्याखालोखाल इनक्युबेटरचा पंखा आणि दुरुस्ती. यूव्हीची ट्यूब, ईडीटीए, म्युरेक्साईड, सोडियम लॅक्टेट हे सगळं मिळून त्याच्यापुढं किरकोळ. गूळ मामांनी घरच्या भावानं दिला. वेळ सगळ्यात जास्त मोजण्यात गेला, यूव्हीखाली ठेवायचं काम तर चहा उकळेपर्यंत होतं.

एल-१२ चे स्टॉक २० टक्के ग्लिसरॉलमध्ये करून ठेवलेत. काही आमच्या फ्रीझरला, काही गडहिंग्लजला मॅडमच्या कॉलेजात, कारण आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. प्रत्येक कुपीवर तारीख आणि कितव्या पिढीचा ते लिहिलंय. कामाला काढायचं ते ह्याच कुपीतनं, ट्यूबमधनं ट्यूबमध्ये चालवत बसायचं नाही.

गुऱ्हाळं आता बंद झाली. मामांच्या आदणातल्या दोन ढेपा शिल्लक आहेत, त्यावर पुढचं काम, कॅल्शियम लॅक्टेटचा तपकिरी रंग कसा काढायचा ते. कोळशाची पावडर वापरून एक चाचणी झालीय, रंग गेला पण मालपण बराच कोळशाला चिकटून गेला. पुढच्या वेळी कोळसा निम्मा आणि पाणी गरम.